मॅचआधी भरलेलं मडकं

माणूस म्हातारा झाल्याशिवाय माझ्या बाबांना आवडत नाही, असं आत्या म्हणते. म्हणजे टेनिसमधला माणूस. फेडरर पोरगा होता, केस बांधून खेळायचा, तेव्हा बाबांनी त्याला काय काय नावं ठेवली ती मी माझ्या कानांनी ऐकलीत. हा काय सॅम्प्रसची जागा घेणार, याला धड उभं राहता येत नाय, वगैरे. आणि तोच फेडरर रिटायर झाला त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आता बोला.

बाबांचं नाव हिरामण. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण शकू. तुम्ही म्हणाल, रोह्याकडच्या वाल पिकवणाऱ्या घरात टेनिस कुठनं शिरलं? तर रोह्याला एका कंपनीची कॉलनी होती, तिथल्या क्लबात मातीचं कोर्ट होतं. बाबा त्या कोर्टावर कामाला. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. आत्या तिथल्याच किचनमध्ये. साहेबलोक टीव्हीवर विम्बल्डन बघायचे आणि ही दोघं दारात उभी राहून बघायची. बेकर, एडबर्ग, स्टेफी ग्राफ असे एकेक करून आमच्या घरात आले आणि राहिलेच. मला त्यातलं शून्य कळतं. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस, ही कसली मोजणी? पण लहानपणी आमच्याकडे रामायणातल्यापेक्षा या लोकांची नावं जास्त घेतली जायची.

भांडण एकच, जुने भारी की नवे. बाबा जुन्यांचे, आत्या नव्यांची. बाबा म्हणायचे, आताची पोरं मागे उभी राहून नुसती बडवतात, जाळीशी यायची कोणाची छाती आहे? द्या त्यांना बोर्गची लाकडाची रॅकेट, मग बघू. आत्या म्हणायची, तुझ्या सॅम्प्रसला आणून उभा कर या पोरासमोर, दुसऱ्या सेटला पाणी मागेल. मी लग्न होऊन पेणला आले, आत्या रोह्यात राहिली, बाबा रिटायर होऊन गावच्या घरी गेले, तरी हे चालूच. मॅच संपली की बाबा फोन लावणार आणि दोघं अर्धा अर्धा तास एकमेकांची अक्कल काढणार. कधी कधी वाटायचं, या दोघांना बोलायला दुसरं काही नाहीच की काय. नव्हतंच बहुतेक. सुखदुःखाचं सगळं त्यातनंच बोलून व्हायचं.

जानेवारी सरत आला की ऑस्ट्रेलियातली फायनल असते आणि आमच्याकडे वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. त्यामुळे दोघांनी एक नियम करून टाकला होता. ज्याचा माणूस हरेल त्याने पोपटी भरायची. पोपटी खायला सगळे पुढे, भरायला कोणी नाही. भांबुर्ड्याचा पाला शोधून आणा, शेंगा धुवा, मीठ-ओवा चोळा, मधे मधे बटाटे नि अंडी घाला, मडक्याचं तोंड पाल्याने गच्च दाबा, मग ते उपडं ठेवून भोवती जाळ करून भाजा. जिंकलेला शेजारी खुर्ची टाकून बसणार आणि चुका काढणार. फायनलला दोन्ही नवीन पोरं असली तर वयाने मोठा तो बाबांचा. आणि मॅच संपेपर्यंत मडक्याला हात लावायचा नाही. आधी भरलं म्हणजे आधीच हार मानली. आई गेली त्या वर्षीसुद्धा आत्या हरली, तिने डोळे पुसत मडकं भरलं आणि बाबांनी चुका काढल्या.

गेल्या दिवाळीआधी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर. आवाजाची पेटी काढून टाकली, गळ्याला भोक ठेवलं आणि आत एक बारीकशी झडप बसवली. भोकावर बोट दाबायचं आणि बोलायचं. आवाज येतो, वेगळा येतो, पण येतो. जितकं बोलाल तितकं जमत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलात बाबांनी एकदा बोट दाबून माझं नाव घेतलं, नमे. पत्र्यावरून खुरपं ओढावं तसा आवाज निघाला. बाबांनी बोट काढलं ते काढलंच.

मी त्यांना पेणला माझ्याकडे आणलं. मी पापडाचं काम करते, घरात दिवसभर बाया, लाटणी, गप्पा. वाटलं, या गडबडीत बोलतील. नाव नको. मी समजावलं, चिडले, एकदा चांगलीच ओरडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. माझा नवरा प्रणित शिफ्टवरून आला की त्यांच्याजवळ बसायचा, मुद्दाम टेनिसचं काहीतरी चुकीचं बोलायचा. बाबा नुसते बघायचे. आत्याचा फोन आला की मी स्पीकरवर टाकायचे. ती एकटीच बोलायची, मग "बरं, ठेवते दादा" म्हणायची. माणूस जिवंत आहे, जेवतो, फिरतो आणि तरी घरातनं निघून चाललाय, असं वाटायचं मला. झडप बसवली काय नि न बसवली काय.

फायनलच्या दिवशी आत्या आली. जुना विरुद्ध नवा, अगदी यांच्या भांडणासाठीच ठरवल्यासारखी मॅच. एकीकडे अडतीस वर्षांचा सर्बियाचा, दुसरीकडे बावीस वर्षांचं स्पेनचं पोरगं. आत्या दारात उभी राहिली आणि मी बघतच राहिले. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये एसटीत मांडीवर घेऊन आलेलं ते मडकं, तोंडाला पाला गच्च दाबलेला. भरलेलं.

मला राग आला. तिला पडवीतच धरली आणि विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाली, काय करू गो, त्याला असा बघवत नाय. एकदा त्याला जिंकू दे. मन तरी बरं होईल. मडकं तिने बाबांच्या समोर, टीव्हीच्या बाजूला ठेवलं. आणि म्हणाली, "दादा, तू म्हणायचास ते खरं. आताच्या पोरांत काय दम नाय. हरले मी."

बाबांनी मडक्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग टीव्हीकडे. चेहरा दगड.

पहिला सेट म्हाताऱ्याने घेतला. आत्या सारखी त्याची वाहवा करत होती. काय खेळतो, जुनं ते जुनंच, बघितलंस का दादा. मी आत, दारातून दोघं नि टीव्ही दिसतील अशी बसून पापडाचं पीठ मळत होते आणि तिचा तो गोड गोड आवाज मला ऐकवत नव्हता. जन्मात ती बाबांशी असं बोलली नव्हती. आजाऱ्याला भेटायला आलेल्या बाया बोलतात तसं बोलत होती.

दुसऱ्या सेटमध्ये पोराने रॅकेट अशी उगारली की आता दाणकन मारणार, आणि चेंडू जाळीपलीकडे अलगद टाकला. म्हातारा जीव खाऊन धावला, पण पोचला नाही. तेवढ्यात आत्या म्हणाली, "नशीब लागलं पोराला. बेकर असता तर पोचला असता."

बाबांचा हात गळ्याशी गेला.

"खोटं बोलतेस."

मी पिठाच्या हातानेच दारात आले. आत्याने टीव्हीचा आवाज बंद केला. बाबांनी श्वास घेतला आणि परत बोट दाबलं. एकेक शब्द ओढून काढत होते.

"बेकर नसता पोचला. कोण नसता पोचला. पोरगं भारी हाय."

आत्या म्हणाली, "मग इतकी वर्षं माझ्याशी कशाला भांडलास?"

"तू भांडायचीस म्हणून." परत थांबले, परत श्वास. "आज भांडली नायस. मडकं भरून आणलंस. मी मेलो काय, शके?"

आत्याचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, पदर तोंडात कोंबून, लहान पोरीसारखी. मी घाबरले रे दादा, घाबरले, एवढंच म्हणत होती. बाबांनी तिला रडू दिलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण बोट काही गळ्यावरून काढलं नाही, पुढचं काही सुचलं तर असावं म्हणून.

मग आत्याने नाक पुसलं, मडकं ओढलं आणि सगळा पाला, शेंगा, बटाटे माझ्या धुतलेल्या लादीवर काढून टाकले. अंडीही ठेवली बाजूला. म्हणाली, मॅच संपू दे, मग बघू कोण भरतंय. तुझा म्हातारा आता काय टिकत नाय. बाबा म्हणाले, पोरगं भारी म्हणालो, जिंकेल म्हणालो नाय. आत्या म्हणाली, आवाज बघ केवढा कर्कश झालाय. आणि लगेच म्हणाली, "आधी तरी काय गोड होता म्हणा." बाबा हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नाही, गळ्यातनं नुसती फूस फूस हवा येते. पण खांदे हलत होते.

टीव्हीचा आवाज परत चालू झाला. मी आत येऊन परत पीठ मळायला बसले. बाहेर दोघांचं जुंपलं होतं, बाबा एक वाक्य बोलायचे तोवर आत्या चार बोलून मोकळी, आणि बाबा तिला हाताने थांबवून आपलं पुरं करायचे.

थोड्या वेळाने हाक आली.

"नमे."

मी ऐकलं. आले म्हणाले नाही. हात पिठात तसेच ठेवून गप्प बसून राहिले, परत हाक मारतील म्हणून.

"नमे. बहिरी झालीस काय गो? चहा टाक."