कराचीची खुशाली

ईट गावचा पिराजी दहा वर्षं नौदलात होता आणि त्या दहा वर्षांत त्यानं समुद्र फारसा पाहिला नाही. त्याचं काम जहाजाच्या पोटात, इंजिनघरात. वर समुद्र आहे असं त्याला सांगितलेलं होतं आणि त्याचा त्यावर विश्वास होता.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले, तेव्हा आपल्या नौदलानं दुसऱ्याच रात्री कराची बंदर गाठलं. त्यांची जहाजं तिथं, तेलाचे साठे तिथं. घाव तिथंच घालायचा असं ठरलं. क्षेपणास्त्रांच्या लहान बोटी, बंद पडलेला ट्रॅक्टर ओढावा तशा, मोठ्या जहाजांनी बऱ्याच लांबपर्यंत ओढत नेल्या. समोरच्यांना पत्ता नव्हता. जहाजं बुडाली, माणसं बुडाली, पुढं तेलाच्या टाक्या पेटल्या त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत. या सगळ्या वेळात पिराजी खाली तेलपाणी बघत होता. हादरे बसले, तेवढीच त्याची लढाई. टाक्या पेटल्याचं त्याला जहाजावरच्या स्वयंपाक्यानं सांगितलं.

मुदत संपवून तो बहात्तरच्या दुष्काळात गावी आला. विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात, माणसं खडी फोडायच्या कामावर. गावाला एखादी तरी जीत हवी होती. पिराजीनं आधी खरं सांगून पाहिलं. लोक म्हणाले, मिलिटरीवाल्यांना बोलायची बंदी असते. मग सोसायटीचे चेअरमन बलभीम अण्णा पुढं झाले. नव्या साखर कारखान्याचे सभासद करायला ते गावोगाव सभा घेत. पिराजीला शेजारी बसवून, ह्या पठ्ठ्यानं कराची जळताना डोळ्यांनी बघितली, असं सांगत. पिराजी हात जोडी. टाळ्या पडत.

बदल्यात त्याला सोसायटीच्या पाण्याच्या इंजिनवर नोकरी कबूल झाली होती. आणि ज्या हॉटेलात त्याच्या बापाचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे, तिथं त्याला आत, बाकावर चहा मिळू लागला. त्या चहापायी माणूस बऱ्याच गोष्टींना मान डोलावतो. दोष देणारानं आधी तो खिळा बघावा.

आता आमच्या भागात एक रीत आहे. माणूस कुठल्याही गावाला गेला, की तिथं दिलेल्या लेकीची, कामाला गेलेल्या पोराची खुशाली घेऊनच परतायचं. भूमच्या बाजाराहून नुसतं मीठ-मिरची घेऊन आलेल्याला बाया रस्त्यात उभं करून झाडतात. मग तो कितीही मोठा असो.

गावातल्या मालनबीचा एकुलता लेक दस्तगीर निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शननंतर मामाबरोबर गेला, तो कराचीच्या गोदीत कामाला लागला. लढाई लागल्यापासून टपाल बंद. मेला की जिता, सांगायला कुणी नव्हतं. ईटमध्ये सभा झाली तेव्हा म्हातारी बायांमधून उठली आणि थेट पिराजीसमोर येऊन उभी राहिली.

"कराचीला जाऊन आलास, आन् माझ्या दस्तगीरची खुशाली न्हाय आणलीस," ती म्हणाली. "बंदर जळालं म्हणत्यात. तू डोळ्यांनी बघितलंस. मला येवढंच सांग, त्याच्या नावानं फातिहा पढू का नको?"

बलभीम अण्णांनी, हे नंतर बघू, असं सुचवून पाहिलं. म्हातारी हलेना. पिराजीला स्वतःची लाज वाटली. इतके महिने आपण जे जळताना बघितल्याचं कबूल करत होतो, त्यात कुणाचा लेक असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं एकदा अण्णांकडं बघितलं. इंजिनची नोकरी तिथं बसली होती.

"बुबू, म्या न्हाय बघितलं," तो म्हणाला. "म्या खाली इंजिनात व्हतो. आगबी न्हाय बघितली, कराचीबी न्हाय."

"मंग पढत न्हाय," मालनबी म्हणाली आणि जाग्यावर जाऊन बसली.

अण्णा रागावले नाहीत. मोठी माणसं रागावत नाहीत, विसरतात. इंजिनवर त्यांचा भाचा बसला. चहाचं काय झालं ते सांगायला नको. पिराजी बायकोसंगं, बनाबाईसंगं, खडीच्या कामावर जाऊ लागला. बनाबाई काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग बोलली, तेव्हा आधीचं बरं होतं असं त्याला वाटलं.

त्याच कामावर मालनबीही होती. एकदा दुपारी लिंबाखाली भाकरी खाता खाता ती बायांना सांगत होती, की तिचा लेक खुशाल आहे, गोदीला धक्कासुद्धा लागलेला नाही, पिराजी स्वतः बघून आलाय. बायांनी मागं बसलेल्या पिराजीकडं वळून पाहिलं. पिराजीला स्वयंपाक्याच्या तोंडून ऐकलेल्या त्या टाक्या आठवल्या.

"व्हय का वो, पिराजी?" एकीनं विचारलं.

मालनबी घास हातात धरून थांबली होती. पिराजी पाणी प्याला.

"व्हय," तो म्हणाला. "म्या बघितलंय. खुशाल हाय दस्तगीर."