तारांच्या जुड्या

आक्का आमच्याच भागातली, निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि ही परदेशात शिकून बेंगळूरला नव्या संगणकाची रचना आखत होती. एका मोठ्या यंत्राऐवजी पुष्कळ लहान यंत्रं मिळून एकच गणित सोडवतील, अशी. ऐंशीच्या आसपास आपल्याकडं असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं.

मी येळ्ळूरची, शाळा सातवीत सुटलेली. भावाच्या बिऱ्हाडी राहून तिच्या प्रयोगशाळेत सर्किटच्या पाट्यांमागच्या पिनांना जोडणीच्या तारा गुंडाळायची. चारचौघांत ती मॅडम, एरवी आक्का. आप्पांनी बजावलं होतं, काम सुटलं की माघारी यायचं, लग्नाचं बघू. एखादी डिप्लोमावाली येईल आणि मला काढतील, हा घोर कायम.

म्हणून काम नेटकं करायची. बेळगावच्या बाजारासाठी घरी मेथीच्या जुड्या बांधायचो, तशाच तारांच्याही बांधल्या. आक्का खूश झाली. बाजारच मांडलायस की गं, म्हणाली.

मग यंत्र चुकायला लागलं. गणित तेच, उत्तर कधी बरोबर, कधी भलतंच. कामाला पैसा देणारे पाहुणे यंत्र बघायला यायचे होते. त्यांना पटलं तरच पुढचं काम. आक्काचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी तिलाच उमगलं. तारा इतक्या चिकटून होत्या की एकीतला सिग्नल शेजारणीत उतरत होता. माझ्या जुड्यांमुळं.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी माझी सातवी काढलीच. मी दाराशीच उभी होते. आक्का त्यांना कानडीत म्हणाली, जुड्या बघून शाबासकी मी दिली, तेव्हा चूक माझी. मग माझ्याकडं वळून, "सोड त्या जुड्या. बस, दोघी मिळून करू."

पुन्हा गुंडाळलेल्या तारा आडव्यातिडव्या, विस्कटलेल्या घरट्यासारख्या दिसायच्या. पण यंत्र चुकायचं थांबलं. पाहुण्यांनाही पटलं.

सणाला दोघी एकाच गाडीनं निघालो. बेळगावच्या स्टँडवर आप्पा न्यायला आलते. गाडी पुढं निपाणीला जायची, तरी आक्का खाली उतरली.

"आप्पा, हिला परत धाडा. पुढचं मशीन मांडायचं हाय."

"सातवीच्या पोरीवाचून तुमचं अडतंय व्हय?"

"लई अडतंय."

कंडक्टर घाई करायला लागला, तसं आप्पांनी पिशवीतली मेथीची जुडी काढून तिच्या हातात दिली.

"आईला द्या. सण झाला की मीच बसवतो हिला गाडीत."