मंगल आज हजेरीला नव्हती

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, शाळेच्या कामाने संध्याकाळी नाशिकला आले, तिथल्या सायबर कॅफेत बसून लिहितेय.

हरसूलजवळच्या आमच्या शाळेची मी प्रभारी मुख्याध्यापिका. भातकापणी झाली की पालक मुलांना घेऊन द्राक्षबागांवर कामाला जातात आणि वर्ग रिकामे होतात. यंदा मी घरोघर फिरले. "मुलांना आजीजवळ ठेवा, मी बघते," म्हणाले. दुसरीतल्या मंगलची आई कशीबशी तयार झाली. जाताना म्हणाली, "बाई, तुमच्या जिवावर सोडून चालले."

आज मंगल शाळेत नव्हती. आजी म्हणाली, "सकाळीच दप्तर घेऊन गेली की वो!"

आम्ही ओढा पाहिला, विहीर पाहिली. विहिरीत वाकून पाहताना मनात एकच होतं: तिच्या आईला काय सांगू?

शेवटी ती हरसूलच्या बाजारात सापडली, मजुरांच्या गाड्या सुटतात तिथे.

"आज बाजार हाय ना बाई? आई बाजारादिशीच हितून गेली, हितंच उतरंल."

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. परत येताना तिने विचारलं, "पुढल्या बाजाराला मला आणाल?"

मी हो म्हणाले. नाही म्हटलं तर ती पुन्हा एकटी येईल.

सोमवारी आणखी दोन घरं द्राक्षबागांवर निघणार आहेत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, शाळेचं असं काही विचारायला घरात कुणी नाही, म्हणून तुम्हाला विचारते. त्यांची मुलं ठेवून घ्यायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? आणि नाही गेले, तर शाळेत उरणार कोण?