आडव्या माणसाचं माप

आक्का कुणाच्याही घरी पहिल्यांदा आल्या की आधी आडव्या होत. पाणी नको, चहा नको, पेशंटला काय झालंय याची चौकशी नको. चपला दाराशी काढायच्या, थेट पेशंटच्या खोलीत जायचं, शेजारी जागा असली तर पलंगावर आणि नसली तर खाली फरशीवर उताणं पडायचं आणि छताकडे बघत राहायचं. आमच्या घरी त्या अशा पाऊण तास पडून होत्या. मी कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून थांबले होते. शेवटी न राहवून विचारलं की आपण मापं कधी घेणार. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "घेतीय की."

काळेवाडीत त्यांना सीटकव्हरवाल्या आक्का म्हणत. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्याच्या लाइनवर त्यांची बावीस वर्षं गेली होती. मधेच कधीतरी त्यांचा नवरा पत्र्याच्या शेडवरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. चार वर्षं तो अंथरुणावर होता. त्या चार वर्षांत आक्कांनी त्याचे शर्ट, लेंगे, बंड्या एकेक करून उसवल्या आणि त्याला न उठवता घालता येतील अशा नव्याने जोडल्या. नवरा गेला, पुढे नोकरीही संपली, पण हे उसवणं-जोडणं काही थांबलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून त्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे कपडे शिवू लागल्या. ब्लाउज शिवायला घेऊन आलेल्या बायकांना त्या दारातूनच परत पाठवत. म्हणत, "हिंडत्याफिरत्या बाईला कुनीबी शिवून देईल."

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू पूर्ण गेली. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा अंगात मेडिकलमधून आणलेला, मागे नाड्या असलेला गाऊन होता. जन्मभर नऊवारीत वावरलेली बाई. रोज गाऊन बदलायचा म्हणजे अर्धा-पाऊण तासाची झटापट असायची. मी आणि नवरा दोन बाजूंनी उचलायचो, आखडलेला उजवा हात बाहीत घालताना त्या कळवळायच्या. पण त्या तक्रार कधीच करत नव्हत्या, आणि मला वाटायचं, सवय होतेय.

सवय होत नव्हती. त्यांनी पाणी पिणं कमी केलं होतं. पाणी प्यायलं की लघवी, लघवी झाली की गाऊन बदलणं, म्हणून पाणीच नको, असा साधा हिशोब. दिवसा सांभाळायला ठेवलेल्या मंगलताई सांगायच्या की आजी चमच्याने दोन घोट घेतात आणि ओठ मिटून घेतात. ताप आला, डॉक्टर आले, लघवीला इन्फेक्शन झाल्याचं म्हणाले आणि पाणी वाढवा असं बजावून गेले. आम्ही समजूत घातली, रागावलो, नारळपाणी आणलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यांचे धाकटे भाऊ, नवऱ्याचे मामा, दोनदा भेटायला आले, दोन्ही वेळा सासूबाईंनी खुणेने नको म्हणून सांगितलं. मामा बाहेरच्या खोलीत चहा पिऊन परत गेले.

कुणीतरी आक्कांचं नाव सुचवलं ते अशा वेळी. माझी अपेक्षा सरळ होती. सहा गाऊन, पटकन घालता येणारे, रविवारपर्यंत. मी कंपनीत डिस्पॅचला आहे, माल कधी निघणार हे सांगणं आणि तो निघणं यावर माझी नोकरी चालते. आक्कांना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं." रविवारी त्यांनी एक बाही पाठवली. नुसती बाही, अंगाचा पत्ता नाही. दोन दिवसांनी स्वतः आल्या, सासूबाईंच्या हातावर ती बाही घालून बघितली, काढली, आणि पिशवीत टाकून निघून गेल्या.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्यांच्या विचारण्याच्या पद्धतीचा. सासूबाईंची जीभ जड झाली होती, एकेक शब्द काढायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून सवयीने मीच उत्तर द्यायचे. आक्का विचारायच्या, इथं टोचतं का? मी म्हणायचे, नाही टोचत त्यांना. आक्का माझ्याकडे बघायच्याही नाहीत. "तुमाला न्हाई विचारलं," म्हणायच्या आणि थांबून राहायच्या, कितीही वेळ. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, माझी कंपनीची बस यायची वेळ व्हायची, आणि या दोघी एका शब्दाची वाट बघत बसलेल्या.

एकदा मी स्पष्टच बोलले की इतकं काय त्यात, एक गाऊन तर शिवायचाय. आक्कांनी मला दुसऱ्या पलंगावर झोपायला लावलं. माझ्या ओढणीने माझा उजवा हात अंगाशी बांधला, मंगलताईंच्या मदतीने तो मेडिकलचा गाऊन माझ्या ड्रेसवरून चढवला आणि सांगितलं, आता हलायचं न्हाई. नवरा दारात उभा राहून हसत होता. पाच मिनिटांत पाठीखाली गोळा झालेली चुणी मला कळायला लागली. दहा मिनिटांत तिच्याशिवाय दुसरं काही सुचेना. मानेमागची गाठ कवटीत घुसल्यासारखी वाटायला लागली. मी उठून बसले आणि ओढणी सोडली. आक्का म्हणाल्या, "त्यांना उठून बसता येत न्हाई." एवढंच. मला चांगलंच झोंबलं. झोंबलं म्हणून मी दिवसभर नवऱ्याशी धड बोलले नाही, त्याने काहीच केलेलं नसताना.

त्यांच्या डोक्यात सगळं सीटच्या भाषेत चालायचं. जिथं माणसाचं वजन येतं तिथं शिवण नको, हा त्यांचा कंपनीतला पहिला धडा. गाडीतला माणूस तासाभराने उतरतो, हा पेशंट उतरतच नाही, म्हणून इथं नियम आणखी कडक. मणक्यावर, माकडहाडावर, खांद्याच्या पात्यावर एकही जोड चालायचा नाही. उभ्याचं माप वेगळं आणि आडव्याचं वेगळं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आडवं पडल्यावर पोट सपाट होतं, खांदे वर सरकतात, गळा मागून दाटतो. हे त्या इतक्या वेळा सांगायच्या की शेवटी शेवटी मी त्यांच्याआधी म्हणून टाकायचे.

आणि इतकं सगळं करून पहिला पूर्ण कपडा चुकला. कमरेशी बंद करायला त्यांनी बाजूला वेल्क्रोची पट्टी लावली होती. ती वळून आत गेली आणि एका दिवसात सासूबाईंच्या कमरेवर बोटाएवढा लाल वळ उठला. मी आक्कांच्या घरी जाऊन तो कपडा त्यांच्या मशीनवर टाकला. मनात साठलेलं सगळं बोलले. महिना गेला, दहा चकरा झाल्या, मला झोपवून झालं, आणि हाती काय आलं तर जखम. शेजारच्या बायका दारात आल्या. आक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं. सबब सांगितली नाही, की पट्टी नीट लावली नसेल असंही म्हणाल्या नाहीत. "माजी चूक हाय," म्हणाल्या आणि कात्री घेऊन पट्टी उसवायला बसल्या. भांडायला आलेल्या माणसाला यापेक्षा वाईट वागणूक मिळू शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून वळ जाईपर्यंत त्या रोज सकाळी सातला आमच्याकडे येत, सासूबाईंच्या पाठीखाली तळहात सरकवून चाचपत, आणि माझा डबा भरून व्हायच्या आत निघून जात.

त्या सकाळच्या फेऱ्यांतच कधीतरी सासूबाईंनी त्यांना काहीतरी सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते. आक्का बाहेर येऊन म्हणाल्या की त्यांना लुगडं पायजे. मी कपाळाला हात लावला. साडी नेसवणं सोडाच, साधी कूस बदलायला दोन माणसं लागतात. मी आक्कांना म्हटलं, त्यांना हवं ते आणि होण्यासारखं ते, यात फरक असतो. आक्कांनी विचारलं, कपाटात लुगडी हायेत का. मी दाखवली. त्यातलं एक हिरवं, लाल काठाचं, सासूबाई फक्त सणालाच नेसायच्या. आक्कांची नजर त्यावर गेलेली बघून मी कपाट बंद केलं आणि बजावलं की याला हात लावायचा नाही.

गुरुवारी कामावरून आले तर ते लुगडं आक्कांच्या घरी पोचलेलं होतं. सासूबाईंनीच मंगलताईंकडून काढवून दिलं होतं. मी तशीच त्यांच्याकडे गेले. नऊवारीचे चार तुकडे जमिनीवर पसरलेले होते. आक्का टाचण्या तोंडात धरून काम करत राहिल्या, आणि मी आले तशी परत फिरले. नवऱ्याला सांगितलं की ही बाई आपल्या घरात पुन्हा नको. तो म्हणाला, आईनं स्वतः दिलंय. मी म्हटलं, आईंना काय कळतंय आता. हे वाक्य मी बोलले होते, हे मला आजही आठवतं.

शनिवारी मी घरीच असताना आक्का ते घेऊन आल्या. पुढून बघावं तर लुगडंच, निऱ्यांसकट. निऱ्या शिवून बसवलेल्या. पदर डाव्या खांद्यावरून जाऊन टिचबटणांनी अडकणारा. जोडीच्या चोळीची उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी, म्हणजे हात बाहीत घालायचाच नाही, बाहीच हाताभोवती गुंडाळायची. आणि मागची बाजू जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची, दोन पदरी, एकावर एक येणारी, मधे कुठेही शिवण नाही. सासूबाईंना अंगावर घ्यायला एकदाच थोडं कुशीवर वळवावं लागलं. सगळं होऊन पदर सारखा केला तेव्हा मी घड्याळ बघितलं. चार-पाच मिनिटं झाली असतील.

सासूबाईंनी डाव्या हाताने काठ चाचपला. बराच वेळ चाचपत होत्या. मग माझ्याकडे बघून जड जिभेने म्हणाल्या, "पानी."

एक पेला प्यायल्या, आणखी मागितलं. दुसरा पेला संपल्यावर म्हणाल्या की भावाला बोलाव. मामा त्याच दिवशी संध्याकाळी आले. बहिणीच्या उशाशी खुर्ची टाकून जुन्या शेताच्या बांधाचं काहीतरी बोलत दीड तास बसले. आक्का मात्र थांबल्या नव्हत्या. जाताना मला एवढंच सांगून गेल्या की डावीकडची टिचबटणं जरा घट्ट हायेत, सोमवारी बदलून देते. सोमवारी अर्थातच आल्या नाहीत. गुरुवारी आल्या.

त्यानंतर सासूबाई सव्वा वर्ष होत्या. आक्कांनी त्यांच्यासाठी एकूण सात कपडे शिवले, त्यातले तीन लुगड्यांचे. एकही ठरल्या दिवशी मिळाला नाही.

सासूबाई गेल्या. पंधरा दिवस झाले असतील, मी त्यांचं कपाट आवरत होते. ते सात कपडे मी धुऊन, घड्या घालून वेगळे ठेवले होते. कुणाला द्यायचे की ठेवायचे हे ठरत नव्हतं. आक्का आल्या. या वेळी आडव्या झाल्या नाहीत. रिकाम्या पलंगाकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या की ते कपडे द्या, उसवून बघायचेत. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, आक्का, माणूस जाऊन पंधराच दिवस झालेत. त्या म्हणाल्या, म्हनूनच, आता कुठं कुठं झिजलंय ते कळंल. मी खूप चिडले. आठवण म्हणून ठेवायचेत असं सांगितलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी वैतागून मी सगळा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

त्या जमिनीवर बसल्या आणि एकेक कपडा उजेडासमोर धरून बघू लागल्या. पाठ शाबूत होती. बाह्या शाबूत होत्या. तिसरा कपडा बघताना त्या थांबल्या. पुन्हा पहिला काढला, मग दुसरा. सातही कपडे त्यांनी रांगेत मांडले आणि माझा हात धरून एकेकाच्या डाव्या कडेवर, कमरेच्या थोडं खाली ठेवला. सगळ्यांची तीच जागा विरली होती. हिरव्या लुगड्याच्या काठाचे तर धागेच उरले होते.

"हितं मूठ आवळायच्या," आक्का म्हणाल्या. "तुमी कुशीवर वळवायचा तवा. दुखत असंल."

मी रोज चार वेळा त्यांना वळवत होते. दर वेळी विचारत होते, दुखत नाही ना, आणि त्या मान हलवायच्या. मी उजव्या बाजूला उभी असायचे. डावा हात मला कधी दिसलाच नाही.

मी हिरव्या लुगड्याचा तो काठ हातात घेऊन बसले. दोन मिनिटं तरी आक्का काही बोलणार नाहीत असं वाटलं होतं. पण त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, वितीने कमरेपासूनचं अंतर मोजलं, आणि पिशवीतल्या वहीत काहीतरी लिहिलं. मी रडत होते, आणि ही बाई मला विचारत होती की तिथं धरायला कापडी कडी शिवली तर ती जाड असावी की मऊ.

"मऊ," मी म्हणाले.

"तुमालाच विचारलं आज," म्हणाल्या, आणि कपडे पिशवीत भरून निघाल्या.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक त्यांना चाकणच्या पलीकडे आपल्या गावी घेऊन गेली. मशीन सोबत गेलं. हिरवं लुगडं मला परत मिळालं नाही. दोनदा मागितलं, दोनदा त्या बघते म्हणाल्या. गेल्या महिन्यात आकुर्डीत एका सहकाऱ्याच्या वडिलांना बघायला गेले होते. म्हातारबाबा पाय मोडून अंथरुणावर आहेत. त्यांच्या मुलाने कूस बदलायला हात लावला, तशी बाबांनी बंडीच्या कडेला शिवलेली एक कापडी कडी मुठीत धरली. कडीवर लाल काठ होता. मुलाला ती आवळलेली मूठ दिसली, आणि तो थांबून हळू झाला.