आधी भाव सांगा

डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा उचलला की सबनीस हात मागे घ्यायचे. "आधी भाव सांगा." जर्मनीतल्या नेकारसुल्म गावी त्यांना पहिल्यांदा दवाखान्यात नेलं ते मीच, दुभाष्या म्हणून. डॉक्टरीणबाई गोंधळल्या. विम्याचं कार्ड दिलंत ना, मग झालं. भाव मला ठाऊक नाही, म्हणाल्या. मी हे मराठीत सांगताच सबनीस खुर्चीतून उठले. "शेठ, जिला भाव माहीत नाही ती विकतेय काय?"

माझं इथे भारतीय किराण्याचं दुकान. सबनीस मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याआधी बरीच वर्षं अमेरिकेत. तिथे त्यांच्या पत्नी जिन्यावरून पडल्या आणि शेजाऱ्याने अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटल विम्यातलं होतं, अँब्युलन्स तेवढी विम्याबाहेरची निघाली. पाय लवकर बरा झाला; बिलाचे हप्ते मात्र मुलगी शाळेतून कॉलेजात गेली तरी चालूच होते. "डॉक्टर तिथले उत्तम," ते सांगायचे. "फक्त बरं व्हायची ऐपत हवी."

माणूस गोड, पण माझी जुनी गाडी यांनीच घेतली होती. दाराखालचा गंज बोटाने दाखवत दाखवत भाव अर्ध्यावर आणला. मी शून्यातून वर आलेला माणूस. घासाघिशीत मला हरवणारे हे एकटेच. ते मी विसरलो नव्हतो.

एका शनिवारी दुकानात तांदळाची पिशवी उचलता उचलता ते थांबले आणि तिच्यावरच बसले. चेहरा पांढरा, हात छातीवर. मी फोन घेतला, तर माझं मनगट धरलं.

"अँब्युलन्स नको. टॅक्सी बोलवा."

"अहो, हे जर्मनी आहे."

"बिल सगळीकडे येतं."

माझं डोकं फिरलं. तुम्ही मेलात तर माझं गिऱ्हाईक जाईल, म्हणून ओरडलो. मनगट सुटेना. मग मला जे येतं ते केलं. "अँब्युलन्सचं बिल माझं, येईल तेवढं. गाडी मला परत."

श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले, "गाडी नाही. तिच्यातला रेडिओ."

"ठरलं," म्हणालो आणि नंबर फिरवला.

वेळेत पोचले, स्टेंट बसला. काही आठवड्यांनी सबनीस दुकानात आले आणि काउंटरवर बिल ठेवलं. दहा युरो. बाकीचे विम्याने भरले होते. कागद त्यांनी उलटूनही पाहिला होता, मागे आणखी शून्यं आहेत का म्हणून. मी दहा युरो दिले. त्यांनी पिशवीतून रेडिओ काढला, वायरींसकट. आम्ही खूप हसलो. मग डोळे पुसत ते म्हणाले, "ही तिथे पायऱ्यांवर कण्हत पडली होती, आणि मी तिला आधी काय विचारलं माहितेय? अँब्युलन्स कुणी बोलावली."

त्यानंतर दवाखान्यात ते आधी हात पुढे करायचे. भाव विचारायचेच, पण मागाहून.

निवृत्त होऊन पुण्याला निघाले तेव्हा गाडी मलाच विकायला आणली. मला दिले होते त्याहून जास्त मागितले. मी भडकलो. "सबनीस, हिच्यात रेडिओसुद्धा नाही."

"तो तुमच्याकडे आहे की."

मी पैसे मोजले. गाडी अजून उत्तम चालते. फोनवर ते दर वेळी विचारतात, आणि दर वेळी मी गंजाबद्दलच बोलतो.