गरीब गाय आणि माझा शड्डू

वेब सिरीजमधली मारामारी करणारी बाई बघितली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आधी केस मोकळे सोडणार, मग डोळे वटारणार, मग किंचाळणार, आणि तोवर समोरचे दहा जण शहाण्यासारखे थांबून राहणार. खऱ्या आखाड्यात केस मोकळे सोडून बघा एकदा! अर्थात मला बोलायला तोंड नाही. मीही त्यातलीच होते.

तेव्हा मी शिळफाट्याला राहायचे, तालमीत जायचे. चौक गावाजवळच्या एका खेड्याच्या जत्रेत मुलींची कुस्ती ठेवली होती. स्टेजवर एक प्रशिक्षक साहेब बसले होते. लढणाऱ्या दोघींतली एक ते कुस्तीच्या शिबिराला नेणार होते. मांडीवर थापा मारत, शड्डू ठोकत मी आखाड्याला दोन फेऱ्या मारल्या. टाळ्या पडल्या. समोर भिवपुरीकडची एक मुलगी. तिनं कानातले काढून आईच्या हातात दिले, मातीला हात लावला आणि उभी राहिली.

माईकवाला तिच्याकडे बघून म्हणाला, "हिला सांगा रं कुणीतरी, कुस्ती हाय, बघायचा कार्यक्रम नाय!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मग ओरडत अंगावर गेले. ती जराशी बाजूला सरली, माझा पाय धरला, आणि मला आभाळ दिसलं. पंचांनी शिट्टी मारली. तिनं हात देऊन मला उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि हळूच विचारलं, "शिबिराला अंथरूण आपलंच न्यायचं का गं?"

साहेबांनी माईक घेतला आणि मला पुढं बोलावलं. "डाव काय, शिकवता येतात. अंगात आग असावी लागते. ती पोर म्हणजे गरीब गाय." चितपट पडलेल्या माझ्या अंगात त्यांना आग दिसली. काय ती पारख!  ती मुलगी कानातले घालत आईबरोबर टेंपोकडे गेली.

शिबिरात जिंकणाऱ्या बहुतेक मुली तिच्यासारख्याच गप्प होत्या. मी एकही कुस्ती मारली नाही. साहेब म्हणायचे, "आवाज कमी पडतोय तुझा."

खरंच कमी पडला होता. जत्रेत त्यांनी मला पुढं बोलावलं तेव्हा "जिंकली ती" एवढंच म्हणायचं होतं. माईक हातभरच लांब होता. मी शड्डू ठोकला.