सौंसरची चितारीण

आमच्या बाईला कुणी रस्ता विचारला, तर ती तोंडानं सांगत नसे. उभी असेल तिथंच खाली बसायची आणि बोटानं मातीत काढून दाखवायची. ही विहीर, हा निंब, निंबापासून वळलं की तुमचं घर. विचारणारा कितीही घाईत असला तरी त्याला वाकून पाहावंच लागे. सौंसरात तिला सगळे ‘चितारीण’ म्हणत. आम्ही भावंडं तिला बाई म्हणायचो. आईला बाई म्हणायची आमच्याकडे रीतच होती.

ती चित्रकला कुठं शिकली नव्हती. तिच्या माहेरी, पांढुर्ण्याला, शेती आणि कापूस. सासरी तहसिलीतली कारकुनी. रंगाशी संबंध आला तो रांगोळीपुरता. पण माझा धाकटा भाऊ मनोहर दोन वर्षांचा झाला तरी हाकेला वळेना. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. बाबा त्याला घेऊन छिंदवाड्याला गेले. डॉक्टरांनी त्याच्या कानाशी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली आणि बाबांकडे पाहून मान हलवली. घरी आल्यावर बाबा न जेवता झोपले. आमच्याकडेच राहणारी आत्या ‘देवाची मर्जी’ म्हणत बसली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करता करता बाईनं चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि भिंतीवर मांजर काढलं. आमचं मांजर उतरंडीजवळच बसलं होतं. मनूनं मांजराकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि खदखदून हसला.

“समजून राहिलं त्याले,” बाई म्हणाली. “पाहा, समजून राहिलं.”

तेव्हापासून आमच्या घराच्या भिंती बोलायला लागल्या. गाय, तिफण, पाऊस, ताप, मामा येणार आहे, बाबा रागावलेत, सगळं भिंतीवर. जागा संपली की बाई पांढऱ्या मातीनं पोतारा फिरवायची आणि नव्यानं सुरुवात करायची. कोळशानंतर गेरू आला, मग नीळ, पिवडी आणि शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचा. मनूशी बोलता बोलता तिचा हात असा काही वळला, की शेजारच्या बाया मुद्दाम आमची भिंत पाहायला येऊ लागल्या.

एकदा पोळ्याला आम्ही पांढुर्ण्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन गावांची दरवर्षीची दगडफेक. पांढुर्णा इकडून, सावरगाव तिकडून, आणि मधे दगडांचा वर्षाव. मामाच्या खांद्यावर बसून मनूनं ते पाहिलं आणि भेदरून घरी पळत आला. जग पेटलं असंच त्याला वाटलं असावं. बाईनं अंगणात दोन माणसं काढली. एकाच्या डोक्याला पट्टी, दुसऱ्याच्या हाताला पट्टी, आणि दोघं एका ताटाशी बसून पुरणपोळी खाताहेत. मनूनं ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग आत गेला आणि पोळी मागून खाल्ली.

आमच्या भागात लग्नघराच्या दाराशी भिंतीवर गणपती, कलश, बाजेवाले आणि घोड्यावरचा नवरदेव काढतात. एका लग्नसराईत मोहगावचा चितारी तापानं पडला आणि शेजारच्या घरची भिंत कोरी राहिली. त्यांनी भीतभीतच बाईला विचारलं. आत्याला ते पसंत नव्हतं. चांगल्या घरच्या बाईनं लोकांच्या भिंतीपुढं उभं राहणं तिला कसंसंच वाटत होतं. बाबांनी मात्र चष्मा पुसत सांगितलं, “जाऊ दे तिले.” बाई गेली. तिनं काढलेला घोडा दात दाखवत होता. नवरदेवाचा काका त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, “बाई, घोडा काहून हसून राहिला?”

“लग्नात आला आहे ना भाऊ,” बाई म्हणाली. “त्यानं का रडावं?”

तो हसरा घोडा लोधीखेड्यापर्यंत प्रसिद्ध झाला. लोक बैलगाडी घेऊन तिला न्यायला येत. सोबत मनू असायचाच. कामाच्या मोबदल्यात काय मिळेल ते ती पदरात बांधून आणायची, आणि त्यातला पहिला वाटा मनूच्या रंगांचा.

तो आठेक वर्षांचा झाला, तेव्हा नागपूरला मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा आहे, मुलं तिथंच राहतात, असं बाबांना कळलं. आत्यानं रडायला सुरुवात केली. “एवढंसं लेकरू परगावी? भूक लागली हे तरी कोणाले सांगन ते?”

“म्हणूनच पाठवून राहिली,” बाई म्हणाली. “मी मेल्यावर कोणाले सांगन?”

अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं आम्ही नागपूरला गेलो. बाई, बाबा, मनू आणि मी. मनूला वाटलं, फिरायला आलोय. शाळेतल्या गुरुजींनी त्याला मायेनं जवळ घेतलं, त्याची खाट दाखवली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं बाईचा पदर असा धरला की बोटं पांढरी झाली. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. बाईनं गुरुजींकडून खडू मागून घेतला आणि व्हरांड्याच्या फरशीवर बसली. तिनं शाळा काढली आणि शाळेत मनू काढला. मग जाणारी गाडी काढली आणि गाडीत स्वतःला काढलं. मनूनं तिच्या हातातून खडू ओढून घेतला आणि गाडीत तिच्या शेजारी स्वतःला काढलं.

बाईनं तळहातानं ते पुसलं.

मनू तोंड उघडून तिच्याकडे पाहत राहिला. तिनं खडू परत घेतला. संत्र्याचं झाड काढलं, त्याला भरगच्च फळं लावली. मग परत येणारी गाडी काढली. तिच्यात बाई बसलेली. आणि त्या गाडीजवळ, उड्या मारणारा मनू. त्यानं फळांवर बोट ठेवलं, मग गाडीवर. बाईनं मान डोलावली. पुन्हा फळांवर, पुन्हा गाडीवर. तिनं पुन्हा डोलावली. मग त्यानं हळूहळू पदर सोडला.

परतीच्या गाडीत सावनेर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी म्हणाली, “खोटं नाही काढलं मी काही.” संत्री पिकली तेव्हा ती गेलीच, आणि त्याला घेऊन आली.

मनूला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून ती कार्डावर चित्रं काढून पाठवायची. त्यामुळे आमच्या घरातली कुठलीच गोष्ट पोस्टात लपून राहिली नाही. “बाई, गाय व्याली म्हणता?” असं पोस्टातले बाबू रस्त्यात विचारत. मनूचं उत्तर आलं की पोस्टमन आमच्या छपरीत टेकून चहा घ्यायचा आणि चित्राचा अर्थ लावायचा. “हे पोट्टं झाडावर चढलं दिसते,” तो म्हणे. “नाही हो,” बाई म्हणे, “झाड नाही ते. गुरुजी आहेत.”

राज्यांची पुनर्रचना झाली ती त्याच वर्षांत. नागपूर तिकडे मराठी मुलखाबरोबर गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. बाबांनी मनूसाठी नागपूरकडची नोकरी मागितली होती, पण त्यांचं नाव इकडच्याच यादीत राहिलं. तहसिलीतल्या फायली हिंदीत गेल्या, बाबांचे निम्मे सोबती निरोप घेऊन गेले. दुसऱ्या राज्यातलं मूल शाळा ठेवील की काढील, या काळजीनं बाबांची झोप उडाली. बाई म्हणाली, “रेघ ओढनाऱ्यानं आधी भिंत पाहा लागते. यानं पाह्यलीच नाही.” मग ती एकटीच गाडीत बसली आणि नागपूरला गेली. संध्याकाळी उतरली ती हसतच. गुरुजींनी तिला सांगितलं होतं, “आम्ही मुलं पाहतो, बाई. नकाशा नाही पाहत.” बाबा त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

मनू लिहायला-वाचायला शिकून आला. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. बाजारात तेव्हा जो तो नव्या पाट्या करवून घेत होता. बाबा निवृत्त झाल्यावर घर पांढुर्ण्याला हललं आणि मनूनं तिथं पाट्या रंगवायचं दुकान घातलं. माझं लग्न सावनेरजवळ झालं होतं. माहेरपणाला आले की दिसायचं, बाई दुपारभर त्याच्या दुकानात पोत्यावर बसलेली. गिऱ्हाईक मोठ्यानं ओरडून सांगू लागलं की ती शांतपणे म्हणायची, “आवाज नका वाढवू दादा. हातानं दाखवा.” आणि माणसं दाखवायची. चहा, उद्या, लाल रंग, मोठी अक्षरं. हळूहळू सगळ्या बाजारालाच त्या हातवाऱ्यांची सवय झाली.

मनूचं लग्न झालं, त्याची बोलती-ऐकती मुलं तिनं मांडीवर खेळवली. ती गेली ती संत्र्याला बहर आला असताना, एका दुपारी, झोपेतच. मी पोचले तेव्हा मनू ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. कुणाकडे पाहत नव्हता.

दिवस कलता कलता सौंसर, मोहगाव, लोधीखेड्याहून माणसं येऊ लागली. मी त्यांतल्या बऱ्याच जणांना ओळखत नव्हते. मनूसमोर उभं राहून काय बोलावं, हे त्यांनाही सुचत नव्हतं. मग एका म्हाताऱ्यानं आपल्या बायकोकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, गळ्यात हार घातल्यासारखं केलं आणि हवेत भिंत काढावी तसा हात फिरवला. मागून दुसऱ्यानं लगाम धरल्यासारख्या मुठी धरल्या आणि आपले उरलेसुरले दात दाखवले.

मनू त्याच्याकडे पाहत राहिला. मग सरकून त्यानं आपल्या शेजारी त्या दोघा म्हाताऱ्यांना जागा करून दिली.